गडावरचं टाकं

"मिस्त्री कुठंय?" गडाच्या दरवाजातून आत येताच शकुबाईनं विचारलं.

किशनराव सकाळीच तांड्यावर आले होते. वर एका मिस्त्रीची कंबर धरलीय, त्याला उतरता येईना, तुझा पाय लागू दे, म्हणाले. शकुबाई पायाळू, जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. लचकलेल्या पाठीला तिनं पाय लावला की माणूस उठून बसतो, म्हणून पार साखरा गावापासून लोक तिच्याकडे यायचे. त्यात किशनरावांच्या शेतात ती वीस वर्षं खुरपत होती. नाही कसं म्हणणार?

पण वर मिस्त्री नव्हताच. पडक्या बुरुजाखाली दोघं पहारी घेऊन उभे होते आणि एक मांत्रिक लिंबं मांडत बसला होता. शेजारी ताजा खड्डा, माणूस आडवा मावेल एवढा. शकुबाईनं भोवती कोंबडी शोधली, बोकड शोधला. काहीच नव्हतं.

"मालक, हे काय करून राहिले तुमी?"

"भिऊ नको. इथं गुप्तधन हाय. पायाळूच्या डोळ्यात अंजन घातलं की जमिनीखालचं दिसतंय. नुसतं बोट दाखव."

"आन न्हाई दिसलं तर?"

किशनरावांनी मांत्रिकाकडं पाहिलं. तो मान वर न करताच म्हणाला, "मंग जागा काहीतरी मागती."

चैत्रातली अमावस्या, भर दुपार. खालच्या माळावर एक गुराखीसुद्धा दिसत नव्हता. मांत्रिकानं तिच्या पापण्या ओढून अंजन भरलं. डोळ्यांची आग आग झाली. तिला दिसलं काहीच नाही. खड्डा मात्र मिटल्या डोळ्यांसमोरून हलेना. बुरुजाकडं बोट केलं, तर इथंच उभं राहावं लागणार होतं.

मग तिला टाकं आठवलं. गडाच्या पार दुसऱ्या टोकाला, कातळात खोदलेलं. उन्हाळ्यात पाणी कमी झालं, की तळाच्या एका फरशीवर घागर टेकताना पोकळ वाजायचं. आजा सांगायचा, गडाला वेढा पडला तेव्हा तांड्याच्या बैलांनी चोरवाटेनं धान्य वर पोचवलं, आणि किल्लेदारानं त्या टाक्याचं पाणी तांड्याला कायमचं देऊन टाकलं. किल्लेदार गेले, निजाम गेला, पण उन्हाळ्यात तांडा अजून तेच पाणी पीत होता.

"तिकडं," ती म्हणाली. "टाक्यात. तळाच्या फरशीखाली."

पहारीवाले पळाले, मागोमाग किशनराव. मांत्रिकानं तिचा दंड धरून ठेवला. थोड्या वेळानं तिकडून ओरडणं आलं, "पोकळ हाय! मालक, पोकळ हाय!" तसा तोही हात सोडून धावला.

शकुबाई तटाच्या खिंडारातून शेळ्यांच्या वाटेनं खाली घसरली. गुडघे फुटले. मागं पहारीचे घाव पडत होते, आणि मग मोठ्यानं गुडगुड ऐकू आली. पाणी कातळात उतरत होतं. ती क्षणभर थांबली. मग पुन्हा उतरू लागली.

धन निघालं नाही. किशनरावांनी तिला परत कामाला बोलावलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाया रिकाम्या घागरी घेऊन गडावरून आल्या. शेजारच्या पेमाची म्हातारी आई तांड्याच्या मधोमध बसून रडली. "माझ्या सासूच्या सासूनं भरलं तिथं पाणी. कोन्या मेल्यानं फोडलं गं?"

शकुबाई चुलीत काटक्या सारत राहिली. किशनरावांचं नाव घ्यावं, तर बोट कुणी दाखवलं तेही सांगावं लागणार होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती दीड कोसावरच्या नाल्यातल्या विहिरीवर जाऊ लागली. पहिली खेप म्हातारीच्या दारात.

"लेकरा, काहून एवढी तकलीफ घेतीस?"

"मला जायाचंच असतंय, याडी," तांड्यात आईला म्हणतात तसं शकुबाई म्हणाली.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला. तोवर रोज पहाटे शकुबाई आवाज न करता म्हातारीच्या उंबऱ्याशी घागर टेकवायची, मान चोळायची आणि रिकामी घागर उचलून स्वतःच्या खेपेला निघायची.