विहिरीतल्या बाईचा आवाज

दोनच माणसं तिच्यावर कधी रागावली नव्हती. एक तिची मावशी आणि दुसरा भयकथा लिहिणारा एक लेखक. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेखक तर त्याच्याही आधी गेला आणि त्याची तिची कधी गाठसुद्धा पडली नव्हती, तेव्हा त्याच्या न रागावण्याचं फार कौतुक करायला नको. पण लहानपणी वडील त्याच्या कथा मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ती उशी पोटाशी घट्ट धरून ऐकायची. वाचक त्याला काळोखमास्तर म्हणत. शाळेत अक्षरं काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हती; वडील घरी नसताना पुढे भुताचं काय झालं ते कळावं, एवढ्यासाठी ती वाचायला शिकली. मोठेपणी बोलत्या पुस्तकांसाठी वाचायला लागली, हे सगळं त्याचंच देणं असं ती मानायची.

म्हणून काळोखमास्तरांच्या निवडक कथा वाचायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं.

वाचायची खोली म्हणजे एक मोठंसं कपाटच. भिंतींना स्पंज, दाराला रबर आणि मधोमध न कुरकुरणारं स्टूल. बोलताना तोंड चटचट वाजू नये म्हणून ती आधी सफरचंदाची फोड चावायची आणि सळसळणारे कपडे चुकूनही घालायची नाही. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसायचा. त्याला सगळे कानसेन म्हणायचे. ताई, तुमचं पोट बोलतंय, त्याला म्हणावं तुझी पाळी नंतर, असं तो अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा.

विहिरीतल्या बाईची कथा सर्वांत गाजलेली. विहिरीच्या काठाशी आलेल्या पोरीला एक बाई आतून गोड बोलून बोलावते, आणि तिचे हात कोपरापर्यंत निळे असतात. ते हात कुठून आले हे मास्तरच भाषणांतून रंगवून सांगायचे. लहानपणी ते नदीत पडले होते. पुलापलीकडच्या रंगवाल्यांच्या वस्तीतली एक बाई कपडा पिळत होती, तिने त्यांना ओढून काढलं. रंगाच्या हौदात जन्म गेलेले ते निळे हात आजही माझ्या स्वप्नात येतात, असं ते म्हणायचे आणि सभागृह हसायचं. तीसुद्धा ते ऐकून हसली होती.

त्या बाईला कसला आवाज द्यावा याचा तिने फार विचार केला नव्हता. पानावरची वाक्यं डोळ्यांसमोर आली आणि आवाज आपला आपण घशातून वर आला. शब्दाचं शेपूट ओढत, अगदी मायेने.

"ये ना गंऽ पाखराऽ. भिऊ नकोऽ. हात दे, मी आहे नाऽ."

कानसेनने हेडफोन काढून दंडावरचा काटा दाखवला. हे आणलंत कुठून, असं त्याने विचारलं. आलं आपलं, असं ती म्हणाली, आणि घरी जाईपर्यंत तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

आईचे डोळे काचबिंदूने गेल्यात जमा होते. लेकीची पुस्तकं ऐकणं हाच तिचा विरंगुळा. फक्त ही एक कथा ती ऐकायची नाही. वडील ती वाचायला घेत, तेव्हा आई उठून भांडी घासायला जायची आणि बापलेक तिला भित्री म्हणून चिडवायची. म्हणून कथेचं नावही न काढता लेकीने फोनवर तेवढा आवाजाचा तुकडा लावला.

आईचा चेहरा असा उजळला की खोलीत कुणीतरी आल्यासारखं वाटलं.

"अगं, ही तर ताई."

तिला क्षणभर कळेना. मग कळलं, आईची ताई म्हणजे मावशी. आई पुलापलीकडचीच होती. लग्न होऊन इकडे आली आणि साबणाने घासून घासून हातांचा रंग घालवला. मावशी मात्र शेवटपर्यंत हौदावरच राहिली. म्हणजे हे सगळं लेकीला ठाऊकच होतं. पण भूत ते भूत आणि मावशी ती मावशी. घरचं माणूस गोष्टीत सापडेल असं कुणाच्या मनात येतं?

आईने परत लाव म्हटलं. मग पुन्हा एकदा. मावशीचा आवाज कुणीच कधी साठवून ठेवला नव्हता. रंगवाल्या बाईचा आवाज कोण साठवतो?

"कुणाला बोलावतेय गं ती? तुला?"

तेवढ्यात तुकडा पुढे सरकला. तिच्याच स्वच्छ, सुरेख आवाजात वाक्य आलं: त्या निळ्या हातांनी पोरीला आत ओढलं, आणि पुलापलीकडच्या प्रत्येक वस्तूला असतो तसला कुजका वास पाण्याला सुटला.

तिने फोन बंद केला.

"वासासकट गोष्टीत घेतलं होय त्याने," आई म्हणाली.

मग ती हळूहळू सांगत गेली. तुझ्या वडिलांना कधी बोलले नाही, म्हणाली, भले गृहस्थ, इतकं रंगून वाचायचे, त्यांना वाईट वाटलं असतं. मावशी उन्हाळ्यातसुद्धा हात शालीखाली ठेवून बसायची, ते थंडीने नाही. मीच सांगितलं होतं तिला, पोरीसमोर हात झाक म्हणून.

"मी भांडी घासायला जायचे, तेव्हा तुम्ही मला भित्री म्हणायचात."

"आई, आम्हाला काय माहीत..."

"नाही गं, घाबरायचेच मी. ते ऐकून तू ताईला घाबरशील म्हणून."

दुसऱ्या दिवशी तिने कानसेनला मावशीचं सगळं सांगितलं आणि ही कथा संचातून काढा म्हणाली. त्याला ते पटेना. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, तो म्हणाला, माणूस वेगळा आणि गोष्ट वेगळी.

"मग करून दाखवा वेगळी," ती म्हणाली.

तो गडी इरेला पेटला. पुलाचं वाक्य काढलं, वासाचं काढलं, हातांचा रंग जिथे जिथे होता तिथे तिथे कात्री लावली. मग दोघांनी राहिलेली कथा ऐकली. एक विहीर होती, एक पोर होती आणि एक बाई तिच्याशी मायेने बोलत होती. कानसेन डोकं खाजवत म्हणाला, ताई, आता भीतीच वाटत नाही.

तिला मात्र पहिल्यांदाच भीती वाटली. ज्या हातांनी त्या लेखकाला पाण्याबाहेर ओढलं, तेच त्याने उलटे फिरवून दुसऱ्याच्या पोरीला आत ओढायला लावले होते. आणि ते इतकं छान केलं होतं की तिने जन्मभर त्याच्यावर जीव टाकला. तो जीव आता परत कसा घ्यायचा हे तिला कळत नव्हतं.

तिने नकार दिल्यावर प्रकाशकांनी ती कथा दुसऱ्या कलाकाराला दिली. त्याने घोगरा आवाज काढला, लोकांना आवडला. बाकीच्या कथा तिनेच वाचल्या. सोडवेनात. फक्त आता कुठल्याही कथेत दार उघडायचं असलं की त्याआधी ती जराशी थांबायची, आत आपल्या घरचं कुणी नसेल ना म्हणून. ऐकणाऱ्यांना वाटलं, ही बाई भीती काय झकास रंगवते.

आईसाठी तिने कानसेनकडून तेवढी तीन वाक्यं वेगळी काढून घेतली. मागे ना वारा, ना विहीर, ना कथा. पाखरा, भिऊ नको, मी आहे ना. आई दुपारी फोन कानाशी धरून पडायची. लेकीला वाटलं, चला, एवढं तरी त्या लेखकाच्या तावडीतून सुटलं.

थोड्या दिवसांनी आईने फोन तिच्या हातात ठेवला. पुसून टाक, म्हणाली.

"का गं? त्यात आता त्याचं काहीच नाही. नुसती मावशी आहे."

"तुझ्या कानाला. मला खाली पाणी ऐकू येतं."

लेकीने तुकडा पुसला. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, तूच बोल ना तिच्यासारखं. काहीही साधंसुधं. आल्यावर दारातूनच विचारायची ना, जेवलीस का, अशी वाळलीस का, तसलं काहीतरी.

ती आईच्या पाठीशी टेकून बसली. घसा साफ केला. मावशी 'जेवलीस का' कसं म्हणायची, ते आठवायला डोळे मिटले. तिने खूप शोधलं. घशात ती तीनच वाक्यं होती.