पट्टे कोण ओढणार

"त्या म्हाताऱ्याबरोबर मी गाडी वाटून घेणार नाही, मावशी! आत्ताच सांगून ठेवतो!" नेवियोनं हेल्मेट टेबलावर आपटलं.

"आपट अजून. फुटलं तर नवं तूच घे," ओर्नेलामावशी पियादिनाची पोळी खाता खाता म्हणाली. टीम तिची, गाडी तिची. रविवारी इमोलाला तीन तासांची शर्यत होती. गाडी एक, ड्रायव्हर दोन, आळीपाळीनं.

म्हातारा म्हणजे तुलियो. वय बावन्न, गुडघे वाजणारे, फेरीमागे नेवियोपेक्षा सेकंदभर हळू. तो टायरवर बसून चीज चघळत होता. "पोरा, कान शाबूत आहेत हां माझे."

"मला सामुएले हवा. तो माझ्यासारखाच पळवतो!"

"एका खुराड्यात दोन कोंबडे?" मावशी म्हणाली. "बरं. शनिवारी पळवून दाखवा. पण तुझी जागाही धरून चालू नकोस."

शनिवारी नेवियो आधी बसला. गाडी काय सुटली! पण शेवटच्या दोन फेऱ्यांत ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं. उतरताना सांगणं तोंडाशी आलं होतं. मग वाटलं, सामुएले बिचकला तर बरंच, आपलीच वेळ वर राहील. उतरणाऱ्यानं बसणाऱ्याचे सीटचे पट्टे ओढून आवळायचे, ही पिटमधली, म्हणजे गाडी थांबते तिथली रीत. नेवियो नुसतं "झकास आहे" म्हणाला आणि पाणी प्यायला गेला. पट्टे मेकॅनिकनं ओढले.

तिसऱ्या फेरीला तोसाच्या वळणावर ब्रेक लागलाच नाही, सामुएले थेट खडीत. त्याला खरचटलंही नाही, पण गाडीचं नाक गेलं.

मावशी ओरडली नाही. तेच वाईट होतं.

"पेडल कधीपासून खोल जात होतं?"

"...दोन फेऱ्या."

सामुएलेनं बॅग उचलली. "याच्याबरोबर? मेलो तरी नाही!" आणि गेला.

"एकटा ड्रायव्हर घड्याळ बघून निवडता येतो," मावशी म्हणाली. "जोडी निवडताना मी पट्टे कोण ओढतो ते बघते. घरी जा, नेवियो."

नेवियोनं हेल्मेट उचललं. मान वर करवेना.

"राहू दे गं त्याला," तुलियो टायरवरून म्हणाला. "याच्या वयात मीही हेच केलं होतं. माझा जोडीदार महिनाभर लंगडत होता. उद्या याला माझ्याबरोबर बसव."

"उद्या गप्प बसला ना, तर सोमवारपासून नुसते टायर धुवायचे!"

रात्रभर खपून गाडीला नवं नाक बसवलं. रविवारी नेवियोनं गाडी तिसऱ्या नंबरावर आणली. पण पिटमध्ये वळायच्या आधीच्या फेरीत जोशात वळणाच्या उंच काठावर चढवली, आणि स्टीअरिंग डावीकडे ओढायला लागलं. कुणी पाहिलं नव्हतं.

तो उतरला. तुलियो गुडघे वाजवत आत बसला. नेवियोनं वाकून जीव खाऊन पट्टे ओढले.

"काका, स्टीअरिंग डावीकडे ओढतंय. काठावर चढवली मी. माझीच चूक. ब्रेक नीट आहेत, शपथ! आणि तोसाला ना—"

हेल्मेटच्या आत तुलियोचे डोळे हसले. "डावा पट्टा अजून एकदा. हां. बाकीचं संध्याकाळी सांग. हात काढ, पोरा, मला आता निघायचंय."