राजाचा मोडलेला हात

सातवीच्या वर्गात बळबाई शेवटच्या बाकावर बसल्या तेव्हा त्यांचे गुडघे फळीला टेकले. शेजारच्या मुलीने दप्तर ओढून जागा करून दिली आणि हळूच विचारलं,

"तुम्ही नापास झालात का?"

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

त्यांचं खरं पद मनुष्यबळ अधिकारी. कारखान्यातली नोकरी सोडून त्या शाळेत आल्या तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली होती, की आता आपल्याला वजनकाट्यावर चढवणार. मुलांनी पदातला मनुष्य गाळला, बळ ठेवलं आणि त्याला बाई जोडली. ते नाव आपल्याला आवडतं, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

आज त्या राजाच्या हातासाठी आल्या होत्या. चाचणीत प्रश्न होता, युद्ध पुन्हा का पेटलं? उत्तर होतं, राजाने तह मोडला. निम्म्या वर्गाने लिहिलं, राजाने हात मोडला. एकाने तर त्याला प्लास्टरही घातलं होतं. पालक चिडले आणि मुख्याध्यापिकांनी ठरवून टाकलं, की इतिहासाच्या सरांचं वय झालं, त्यांना आता घरी बसवायचं. बळबाईंनी फक्त एवढंच विचारलं, हात मोडणारी मुलं बसतात कुठे? सगळी मागे बसत होती.

सर आत आले. त्यांना सारी शाळा तोफ म्हणायची. त्यांनी इथे लढाई सुरू केली की पलीकडच्या वर्गातलं गणित थांबायचं. आज त्यांनी फळ्यावर भरभर नकाशा काढला, मुलांकडे वळले आणि ओठ हलवले. मागे काहीच ऐकू आलं नाही. मग पहिल्या बाकावरची मुलं मागे वळली, त्यांनी दुसऱ्या बाकाला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. एकेक वाक्य असं हातोहात मागे येत होतं आणि बाकी वर्ग चिडीचूप होता.

"सर म्हणतात, सेनापती फितूर झाला," शेजारची मुलगी बळबाईंच्या कानाला लागली. मग जरा विचार करून म्हणाली, "नाहीतर आतुर झाला असेल."

"हे असं कधीपासून चाललंय?"

"ते घरी सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय."

बळबाईंना हसू फुटलं. चांगली माणसं टिकवावी कशी, यावर त्यांनी आजवर ढीगभर व्याख्यानं ऐकली होती. ही पोरं एकही न ऐकता ते काम करत होती.

तास संपला तरी त्या तिथेच बसून राहिल्या. कुणाला आपल्या खोलीत बोलवायचं नाही, त्याच्या जागेवर जाऊन बोलायचं, ही त्यांची कारखान्यापासूनची रीत. सर खडूचे हात झटकत आले आणि पुढच्या बाकावर त्यांच्याकडे तोंड करून बसले.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गप्प बसा म्हणतात." आवाज जेमतेम ऐकू येत होता. "माइक लावला काय नि कुजबुजलं काय, घसा तोच. वर्षभर बोलायचंच नाही."

"आणि घरी?"

"बायको म्हणते, जन्मभर ऐकवलंत, आता ऐका." ते हसले, पण नजर खालीच राहिली. "बाई, मला लायब्ररीत नेऊन ठेवू नका. वर्गातून उठवलंत तर मी संपलो. तेवढं बघा."

बळबाईंनी शब्द दिला नाही. पाळता येईल याची खात्री नसलेला शब्द त्या कधीच देत नसत. त्या तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या.

"आवाज नसलेला शिक्षक?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पाणी नसलेली विहीर ती. काय करायची?"

"विहीर भरलेली आहे, बाई. दोर तुटलाय."

"मग दोर आणायचा कुठून?"

"आपल्याकडेच आहे. ती सोडून चाललीय."

सोडून चालली होती ती सहावीला इतिहास शिकवणारी नवी बाई. आवाज खणखणीत, पण वर्गात शिरली की घाबरून पुस्तक वाचत सुटायची आणि मुलं बाजार भरवायची. बळबाईंना ही दोघं एकाच वर्गात हवी होती. गोष्ट कशी सांगायची ते सरांनी ठरवायचं, सांगायची तिने.

"एका वर्गाला दोन शिक्षक? संस्थेला काय तोंड दाखवू?"

"माझं दाखवा. बुडालं तर मी बुडवलं म्हणा."

मग त्यांनी साऱ्या शाळेच्या तासांची उलथापालथ केली. एकेका शिक्षकाच्या वर्गाबाहेर उभं राहून त्याची मनधरणी केली. कुणी कुरकुरलं, कुणी उपकार केल्यासारखं हो म्हटलं. ज्या बाईला सगळे वजनकाटा समजत होते, ती दुसऱ्यांसाठी दारोदार फिरत होती.

सुरुवातीला सगळंच फसलं. नवी बाई प्रत्येक वाक्याला सरांचं तोंड बघायची आणि सर न राहवून पुढे घुसायचे.

"माझी लढाई ती भाजीची यादी वाचल्यासारखी वाचते," ते बळबाईंकडे येऊन तडफडले.

"मग लढायची कशी ते शिकवा तिला. तुमचं तोंड बंद आहे, हात नाहीत."

त्यानंतर बळबाई मुद्दाम वर्गाकडे फिरकल्या नाहीत. फिरकल्या तेव्हा पावसाळा सरला होता. शेवटच्या बाकावर त्यांच्यासाठी पुन्हा जागा झाली. नवी बाई बोलत होती, पुस्तक टेबलावर मिटलेलं होतं. सर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी तळहात उचलला तशी ती वाक्याच्या मधेच थांबली. मुलांनी श्वास रोखले. हात सावकाश खाली आला, तसा तिचा आवाजही खाली उतरला आणि शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचला.

बळबाईंना राहवलं नाही. त्या शेजारच्या मुलीकडे वाकून म्हणाल्या, "अगं, हे तर..."

खिडकीपाशी चुटकी वाजली. सर त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी एक बोट दाराकडे केलं.

मी? बळबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून खुणेनेच विचारलं. सरांनी मान डोलावली. बोट तसंच राहिलं.

मुलं खुदखुदली. बळबाई उठल्या आणि मान खाली घालून बाहेर आल्या.

व्हरांड्यात मुख्याध्यापिका समोरून येत होत्या. त्या बंद दाराकडे पाहत थांबल्या.

"काय हो, जमतंय का त्यांचं?"

"मला हाकललं वर्गातून."

"कुणी?"

"तोफेने."

"अरे देवा. मग आता?"

"आता काय?" बळबाईंनी पदराने डोळे टिपले. "झालं माझं काम."