खाली बोलावणारा गळा

कोकमाची एक बी ग्लासाच्या तळाशी बसली होती आणि सुंदरी तिच्याकडेच बघत होती, कारण वर पाहिलं तर ग्लास धरणारीचा चेहरा दिसणार... मनीषा. गेल्या महिन्यात धरणाच्या पाण्यात विमान कोसळून जो वैमानिक गेला, त्या रोहनची बायको. पुण्याहून एवढ्या लांब, एकटीच, सुंदरीच्या चहाच्या खोपटात.

"इथून सगळं दिसलं असेल ना?"

सुंदरीनं मान हलवली. नुसती मान.

बोलायचं कुठल्या तोंडानं? त्या अपघाताचा व्हिडिओ अख्ख्या जोयडा गावात कुणाच्या फोनात नव्हता? पाण्यावर उतरत फेऱ्या मारणारं ते जुनंपुराणं विमान, बघायला लोटलेली माणसं, आणि सगळ्या गलक्यावर एका बाईचा आवाज — "आनखी खाली ये रं! खाली!" सुंदरीचा नवरा परशू ते ऐकून आधी हसलाच. "डोंगरावरची गुरं हाकारतीस, त्योच गळा की गं!" मग त्याचं हसू मावळलं. पहिल्या फेरीला त्या पोरानं खिडकीतून हिच्याकडे बघून हात केला होता, आणि आभाळातून तिला कधी कुणी हात केला होता?... मेली हौस! दुसऱ्या फेरीला तो इतका खाली आला की पंख पाण्याला लागला — पाणी उसळलं — आणि तिनं टाळ्या वाजवल्या. खेळच वाटला तिला. बाकीचे थांबले तरी ही वाजवतच होती.

"शेवटी घाबरला असेल का हो तो?" मनीषा म्हणाली. "व्हिडिओत चेहरा दिसत नाही. बघून बघून नुसते आवाज पाठ झालेत."

चेहरा सुंदरीनं पाहिला होता. तिनंच, एवढ्या जवळून. पण आता मान हलवून काय कळणार या पोरीला — ही नाही म्हणते, की ठाऊक नाही म्हणते? आणि हिचं माणूस गेलंय नि आपण आपला गळा झाकत बसलोय... शी! त्या टाळ्यांचीही इतकी लाज वाटली नव्हती.

"हसत हुता वो ताई. भ्यालेला न्हाई. म्या बघितलंय."

मनीषानं झटकन तिचं मनगट धरलं. डोळे भरलेले, पण त्यांत काय आहे ते सुंदरीला उमगेना.

"पुन्हा बोला."

आवाज ओळखला हिनं? की तेच सुख पुन्हा ऐकायचंय? लाजेनं सुंदरीचे कान तापले होते, तरी मनगट सोडवून घ्यावंसं तिला वाटलं नाही. आवाज बारीक करावा, असंही नाही.

"हसत हुता," ती म्हणाली, आहे त्याच गळ्यानं.