पेज

'हा टॅग कायमचा काढायचा?' असं स्क्रीनवर आलं आणि योगिनीने 'हो' दाबलं. यादी एकदम सुटसुटीत दिसायला लागली. सकाळपासून ती वडिलांच्या कॉम्प्युटरची साफसफाई करत होती आणि हा एक टॅग मघापासून तिच्या डोळ्यांत खुपत होता. त्यावर नाव होतं 'पेज'.

इंटरनेटवरून जपून ठेवलेली एवढी पानं दुसऱ्या कुठल्याच टॅगखाली नव्हती. तिने त्यातली पाच-सहा उघडून पाहिली. एकात ऑक्टोपस झोपतो कसा त्याची माहिती होती, एकात वाशीच्या बाजारातले हापूसचे भाव, एकात जुन्या कुठल्याशा नटीचं तिसरं लग्न. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नव्हता. नानांनी सगळ्या पानांवर 'पेज' लिहून ठेवलंय, म्हणजे डब्यावर 'डबा' लिहिल्यातला प्रकार, असं म्हणून ती स्वतःशीच हसली. तिच्या पुण्याच्या ऑफिसात दिवसाकाठी शंभर वेळा तरी 'पेज' म्हणावं लागे. त्या शब्दाला दुसरा काही अर्थ असतो हे तिच्या मनात आलंच नाही.

नाना आतल्या खोलीत दुपारचे पडले होते. टॅगचं वेड त्यांना तिनेच लावलं होतं, दोन वर्षांपूर्वी. त्याआधी त्यांचा सगळा कारभार बुकमार्कांवर चाले. आवडलेलं प्रत्येक पान ते जपून ठेवत, त्यासाठी फोल्डर करत, फोल्डरच्या पोटात आणखी फोल्डर करत, आणि मग पान कुठे ठेवलं ते विसरून पुण्याला फोन करत. कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये हयात घालवलेल्या माणसावर ही वेळ यावी याचं आईला भारी हसू यायचं.

"फोल्डर म्हणजे कपाट, नाना," योगिनीने तेव्हा समजावलं होतं. "एक कागद एकाच कपाटात राहणार. टॅग म्हणजे नुसती चिठ्ठी. एका पानाला हव्या तेवढ्या लावा. आंब्याच्या मोहराचं पान 'आंबा' म्हटलं तरी सापडेल आणि 'फवारणी' म्हटलं तरी."

"आणि पान राहतं कुठे मग?"

"सगळी एकाच ढिगात. चिठ्ठी धरून ओढायचं."

"आणि चिठ्ठी पडली तर?"

"ती पडत नाही हो," ती म्हणाली होती.

नानांना हे फार आवडलं. ते उत्साहाने टॅग लावत सुटले. 'आंबा' होता, 'आंबे' होता, 'हापूस' होता. 'पेन्शन' दोन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. काल रात्री जेवताना त्यांनीच कुरकूर केली होती की यादी फार लांबलीय, जरा आवर. म्हणून ती बसली. 'दमयंती औषधं', 'दमयंती डॉक्टर' या आईच्या नावाच्या टॅगांना मात्र तिने हात लावला नाही. आईला जाऊन सहा महिने होत आले होते, तरी ते नाव तसं समोर दिसल्यावर तिला काही सुचेना. ती उठून दारात जाऊन उभी राहिली. समोर मांडवी किनाऱ्याच्या वाळूत कोणी जाळी सुकत घातली होती. डोळे पुसून ती परत येऊन बसली आणि 'आंबा'त 'आंबे' मिसळायला लागली.

चार वाजता नाना उठले. तिने चहा केला. या खेपेला आल्या आल्या तिच्या लक्षात आलं होतं की नाना फार वाळलेत. सदरा खांद्यावरून ओघळत होता. विचारलं तर म्हणाले, "खातो की. माझं मी करून खातो." तिला ते खरं वाटलं नव्हतं. म्हणून आज तिने बाजारातून बांगडे आणले, त्यांना आवडतं तसं तिरफळ घालून कालवण केलं. दिवेलागण झाली तसं ताट वाढलं. नाना ताट उचलून घेऊन कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. आई गेल्यापासून ते तिथेच बसून जेवत. बातम्या बघतो, म्हणत.

ती भात काढून आणेपर्यंत नानांनी एक घासही घेतला नव्हता. ते स्क्रीनवर वर-खाली करत होते.

"योगिनी, पेज कुठे गेली गो?"

"पेज हवीय? करते ना. पोट बिघडलंय का? मग बांगडा नका खाऊ."

"खायची नव्हे. हितली. हितं पेज होती."

योगिनीला उलगडा झाला आणि ती हसली. "ती होय. ती मी काढली. नाना, ती सगळी पेजेसच आहेत ना. सगळ्यांना पेज म्हणून काय उपयोग?"

 त्यांनी माऊस सोडला. मग ताटावर दुसरं ताट पालथं घातलं, अगदी हळू, आवाज न करता. कोणी झोपलेलं असलं की ते असं करत.

"नाना?"

"दमयंतीची पेज होती ती," ते म्हणाले.

तेव्हा कुठे टॅगवरचा तो शब्द तिला खरा ऐकू आला. उकड्या तांदळाची, मीठ आणि तुपाची धार घातलेली. लहानपणी ताप आला की आई तिला भरवायची ती. आणि शेवटी शेवटी आईच्या घशाखाली फक्त तीच उतरत होती. योगिनी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"तिला गिळायला भारी त्रास व्हायचा," नाना स्क्रीनकडे बघत म्हणाले. "चमचा दिसला की तोंड फिरवायची. रागावलो, हातापाया पडलो. काय उपयोग नाही. एकदा असाच मी काहीतरी वाचत होतो मोठ्याने, माकडं टोप्या पळवतात तशातली बातमी होती. ती ऐकत राहिली आणि मी चमचा पुढे केला तर तोंड उघडलंन. मग रोज वाचायचो. ज्याला ती खायची त्याला पेज लावायचो. ज्याला तोंड फिरवायची, त्याला नाही."

"मला सांगितलं नाहीत कधी."

"फोनवर काय सांगायचं. तू विचारायचीस, जेवली का. मी म्हणायचो, जेवली."

हे खरं होतं. ती रोज विचारायची आणि 'जेवली' ऐकून फोन ठेवायची. प्रोटीनच्या पावडरीचे डबे पाठवायची. महिन्याकाठी दोन दिवस यायची, तेव्हा आईला भरवायचं काम नाना तिच्याकडे देत नसत आणि तिला वाटायचं, नाना हट्टी आहेत. तिला आता स्वतःचा फार राग आला.

"पानं कुठे गेली नाहीत, नाना," ती म्हणाली. "पानं आहेत सगळी. शोधते मी."

तिने शोधात 'पेज' घातलं. तांदळाच्या पेजेच्या दोन-तीन कृती आल्या. 'तांदूळ' घातल्यावर लावणीच्या नव्या यंत्राची जाहिरात आली. ऑक्टोपसचं पान तिच्या लक्षात होतं म्हणून सापडलं, वाशीचे भाव सापडले. बाकीची पानं त्या हजारोंच्या ढिगात होती आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारं जगात दुसरं काही नव्हतं. आईने त्या दिवशी तोंड उघडलं, एवढंच त्यांच्यात सारखं होतं. ते कुठल्याही पानावर लिहिलेलं नव्हतं.

"राहू दे," नाना म्हणाले. "तू जेव. निवतंय."

"तुम्ही?"

"मला भूक नाही तशी."

त्यांनी ताट नेऊन ओट्यावर ठेवलं. ती मागोमाग गेली, दोन घास तरी खा म्हणाली. त्यांनी एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि मोरीत जाऊन चूळ भरली. "वाचल्याशिवाय उतरत नाही आता," ते तोंड पुसत म्हणाले, जणू काही चूक त्यांचीच होती.

सकाळी योगिनीचे डोळे सुजलेले होते. टॅगच्या ॲपवाल्यांना तिने लिहून पाहिलं होतं. काढलेला टॅग परत आणता येत नाही, असं त्यांचं नम्र उत्तर आलं होतं. नाना अंगणात सुपारीची पडलेली झापं गोळा करत होते. ती चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ गेली.

"नाना, एक करू. प्रत्येक पानाखाली तारीख असते, कधी ठेवलं त्याची. आई गेल्या वर्षीच्या दसऱ्यानंतर अंथरुणाला खिळली. त्याआधीची सोडून देऊ. तिथून पुढची एकेक करून बघू. मी नाव वाचते, तुम्ही हो-नाही सांगा. आठवेल ना?"

नानांनी हातातलं झाप भिंतीला टेकवून ठेवलं. "त्याला काय आठवायचं," ते म्हणाले.

दोघं शेजारी शेजारी बसली. सुरुवातीला नाना एकेका शब्दात उत्तर देत होते. हळूहळू त्यांचा आवाज मोकळा झाला.

"राजापूरला गंगा आली," तिने वाचलं.

"हो. तिला जायचं होतं. म्हणाली, बरी झाले की नेशील काय. म्हटलं, नेतो, आधी हा चमचा घे."

तिने 'पेज' लिहिलं.

"गुडघेदुखीवर सात उपाय."

"नाही. ते माझं."

"नवऱ्याने बायकोसाठी बांधला मनोरा."

"नाही. तोंड फिरवलंन. म्हणाली, आपल्याला साधा ओटा बांधायला वीस वर्षं लागली."

योगिनीला हसू आलं आणि त्याबरोबरच रडूही. आईच्या आवाजात ते वाक्य तिला जसंच्या तसं ऐकू आलं. आपण नसताना या घरात एवढं बोलणं होत होतं, हसणं होत होतं, आणि आपल्याला फक्त औषधांची नावं ठाऊक होती, याचं तिला फार वाईट वाटलं. तिने डोळे पुसले आणि पुढचं पान घेतलं.

"मालगुंडच्या किनाऱ्यावर सापडला मोठा मासा."

"हो. अर्धी वाटी. खोदून विचारलंन, केवढा मोठा? मी हात पसरून दाखवला आणि पेज सांडली. चादर बदलायला लागली."

असं करत दुपार झाली. मध्ये तिने भात टाकला, परत येऊन बसली. नाना आता पानाचं नाव पुरं व्हायच्या आत सांगत होते. हो. हो. नाही. हो, हे हिवाळ्यातलं, तिला शाल पांघरली होती. ती वाचत होती आणि टॅग लिहीत होती. हाताला वळण पडलं होतं. आपण मोडलेलं आपणच जोडतोय, असं वाटून तिच्या मनावरचं ओझं थोडं हलकं व्हायला लागलं होतं.

"काजूच्या बोंडाचा वास न येणारं सरबत."

"हो. ह्याच्यावर भांडली. वास नाही तर ते काजूचं कसलं, म्हणाली. भांडता भांडता वाटी संपली."

"कासवं अंडी घालायला त्याच किनाऱ्यावर परत कशी येतात."

"हो. हे तर हो. सगळी पेज खाल्लीन. पुसून."

योगिनीने टॅगच्या जागेवर बाण नेला आणि तिची नजर खालच्या तारखेवर पडली. सप्टेंबर. तिला वाटलं, वाचण्यात चूक झाली. तिने आधीचं पान पाहिलं. सरबताचं पान ऑगस्टमधलं होतं. त्याच्या आधीची दोन जुलैतली. तिथून मागे गेल्यावर मे महिना लागला. आंबा संपत आला होता आणि आई गेली होती. वाचण्याच्या भरात ती तो दिवस ओलांडून पुढे आली होती. नाना कुठेही अडखळले नव्हते.

तिने वळून पाहिलं. नाना तिच्याकडे बघत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते स्क्रीनवरच्या कासवाकडे बघत होते.

"नाना," ती म्हणाली.

"तारीख नको बघू गो," नाना म्हणाले. "मी वाचलं आणि तिने खाल्लीन. लिही."

योगिनीने 'पेज' लिहिलं आणि पुढचं पान वाचायला घेतलं.