उशीच्या पोटातली कॉफी

"मॅडम, मेंदूही झोपतो का, की नुसते डोळेच मिटतात?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज हारिकाच्या मैत्रिणींनी लावली होती. वॉर्डन मॅडम खाटांमधून फेरी मारत होत्या. हारिकाने मला छातीशी घट्ट धरलं आणि विचारून टाकलं!

मॅडम म्हणाल्या, "रँक आला की झोपेल तो. तोवर जागा ठेव."

सगळ्या खी-खी हसल्या. मला मात्र त्या उत्तराची किळस आली.

मित्रांनो, मी हारिकाची जुनी उशी आहे. गुंटूरच्या या डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासच्या वसतिगृहात येण्याआधी माझं छान चाललं होतं. तेनालीला हारिकाच्या पिन्नीने, म्हणजे मावशीने, मला शिवलं. सावरीचा कापूस उडू नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, आणि घामाघूम पिन्नी नाकाला पदर लावून शिंकते आहे! माझ्यावर डोकं टेकलं की हारिका लगेच घोरायची. "हिला उठवायला बँडवाले बोलवा," असं तिचे नान्ना, म्हणजे वडील, म्हणायचे. मी ते माझंच कौतुक समजायचे.

इथे आले आणि माझी पार रया गेली. मला मांडीवर आडवं टाकायचं, वर जाडजूड पुस्तक ठेवायचं, की झालं टेबल! डोकं टेकवायला मी कुणाला आठवेना. रविवारचं तेल लावून रिठ्याने न्हाणं बंद, कारण लांब केस वाळण्यात अभ्यासाचा वेळ जातो. मग वाकून वाचताना तेच चिकट, आंबूस केस माझ्यावर. गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याचे डाग. पुसलेलं नाक. शी!

पण सगळ्यात घाणेरडं काम केलं ते अम्माने. भेटीच्या रविवारी आली आणि माझ्या खोळीत कॉफीच्या पुड्या कोंबल्या. "बंगारम, माझं सोनं ते, झोप आली की चिमूटभर जिभेवर टाक. समोरच्यांची सुहासिनी असंच करून डॉक्टर झाली."

सांगा मित्रांनो, मी उशी, आणि माझ्याच पोटात झोप मारायची पूड! हारिका ती कोरडीच चघळायची. तपकिरी लाळ माझ्यावर गळायची.

हळूहळू तिला वाचलेलं लक्षात राहीना. एकदा शेजारच्या खाटेवरच्या प्रत्यूषावर, आपल्या जिवलग मैत्रिणीवर, ती खेकसली, "माझी वही ढापलीस तू!"

प्रत्यूषाने नुसतं बोट दाखवलं. वही हारिकाच्याच कोपराखाली होती.

"माझं डोकं बाद झालंय गं," हारिका पुटपुटली. "मी काही डॉक्टर होत नाही."

"बाद कसलं? नुसतं घाण झालंय. वास मारतोय. चल, ऊठ!"

मॅडम लग्नाला गेल्या होत्या. प्रत्यूषाने तिला तेल चोपडलं, रिठ्याने खसाखसा न्हाऊ घातलं, गच्चीत बसवून केसांना सांबराणीचा, म्हणजे ऊदाचा, धूर दिला. माझी खोळही धुतली, पुड्या फेकल्या. मग भर दुपारी हारिका माझ्यावर आडवी झाली आणि चक्क घोरली!

चहाच्या वेळेला उठली, आणि मनगटाच्या हाडांची नावं धडाधड म्हणून दाखवली. एकही चुकलं नाही.

"ए, ही तर सकाळी आठवत नव्हती!" मग तिने आपल्याच कपाळावर हात ठेवला. "म्हणजे डोकं दमलं होतं. आणि मी त्यालाच शिव्या घालत होते."

एका झोपेने सगळं ठीक झालं नाही. नंतर एकदा ती रडली. पण या वेळी प्रत्यूषाला म्हणाली, "मला भीती वाटतेय." हे तिने कधी कबूलच केलं नव्हतं.

मित्रांनो, उशीला टेबल करू नका. तिला ऊन दाखवा, तिच्यावर डोकं ठेवा. आणि डोक्याला शिव्या देण्याआधी ते दमलंय का, एवढं विचारा.

पुढच्या भेटीला अम्माने नव्या पुड्या काढल्या आणि माझ्याकडे हात नेला. हारिकाने मला पटकन ओढून घेतलं.

"अगं, काय हे?" नान्ना म्हणाले. "परीक्षा तोंडावर आलीय!"

"म्हणूनच. अम्मा, नान्ना, मी आजच घरी येतेय. रोज तेनालीहून ये-जा करीन, अभ्यास करीन आणि रात्री झोपीन."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सुब्बारावांची पोर पळून आली. म्हणू दे. माझं सामान बांधून झालंय, नान्ना. तुम्ही फक्त ट्रंक उचला, उशी मी घेते."