मागच्या तीन रांगा

"डॉक्टरीणबाई, हा गुडघा बघा बरं जरा," म्हणत ओझेलाबाईंनी खुर्ची ओढली आणि पायातला मोजा खाली सारायला सुरुवात केली.

रविवारची प्रार्थना संपून सगळी मंडळी चर्चमागच्या जेवणाच्या खोलीत जमली होती. व्हर्नेलने हातातली प्लेट बाजूला ठेवली.

"सूज आहे खरी. तुमच्या डॉक्टरांना दाखवा ना."

"माझा डॉक्टर? चार मिनिटांचा पाहुणा तो! येतो काय, जातो काय. तू आमची हक्काची आहेस."

कॉफीच्या टाकीजवळून व्हर्नेलच्या बाबांचा आवाज आला, "दाखवून घ्या, दाखवून घ्या! फुकट आहे तोवर. उद्या पोरीच्या नावाची पाटी लागली की तीन-तीन महिने नंबर लागायचा नाही!"

सगळे हसले. व्हर्नेलही हसली. नोव्हेंबरपर्यंत तिला हे हसणं जमायला लागलं होतं.

एल्सवर्थ टिब्स चौतीस वर्षं अमेरिकेतल्या टोलिडो शहरातल्या काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे उभे राहिले होते. बायको गेली तेव्हा व्हर्नेल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. आईच्या आजारपणाच्या त्या दोन वर्षांत तिचे गुण जे घसरले, ते पुढे कायम तिच्या नावाला चिकटले. डॉक्टर व्हायचं स्वप्न बाजूला ठेवून ती एका इस्पितळात रक्त काढायच्या कामाला लागली. आठ वर्षं तिने हजारो दंडांवर पट्टा आवळला, शिरा शोधल्या. "तुझ्या हाताला दुखत नाही गं," असं म्हणत म्हातारी माणसं मुद्दाम तिची वाट बघायची. मग तिने मेडिकल कॉलेजांकडे अर्ज केले. एकदा नकार आला, दुसऱ्यांदाही आला.

मेडिकल प्रवेशाच्या सल्लागार ह्रुस्काबाईंनी तिला समोर बसवून स्पष्टच सांगितलं होतं, "तुझा अनुभव चांगला आहे, शिफारसपत्रं चांगली आहेत. पण दारातून तुझ्याआधी तुझे जुने गुण आत शिरतात. एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कर. मेडिकलच्या पहिल्या वर्षाबरोबर त्याच सभागृहात बसायचं, तेच प्राध्यापक, त्याच परीक्षा. तिथे टिकलीस तर अर्जाला वजन येईल. हमी मात्र कुणी देणार नाही."

प्रवेशाचं कळलं त्या दिवशी तिने बाबांना फोन केला. "बाबा, मला मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला..." ती म्हणाली. पुढे 'एका वर्षाच्या कोर्सला' असं म्हणायचं होतं. पण पलीकडे फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि मग बाबांचं रडणं. तिने ते आधी एकदाच ऐकलं होतं, आईच्या वेळी. ते परत फोनवर आले तोवर दार उघडून शेजाऱ्यांना सांगून झालं होतं. वाक्य तिथेच राहिलं.

मग त्या अर्ध्या वाक्याला फाटे फुटत गेले. ऑगस्टमध्ये बाबांनी विचारलं, "तुमचा तो पांढरा कोट घालायचा समारंभ कधी असतो? मी सूट धुवायला टाकलाय." ती म्हणाली, "या वर्षी घरच्यांना बोलावत नाहीत." कोट मिळाले ते पुढच्या रांगांतल्या मुलांना. व्हर्नेल आणि तिच्यासारखे सदतीस जण मागच्या तीन रांगांत बसायचे. कुणी काही म्हणत नसे, पण कुणाची जागा कुठे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

सप्टेंबरअखेर बाबांनी आपली दवाखान्यातली ठरलेली तपासणी परस्पर रद्द केली.

"असं नका करू बाबा."

"अगं, घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं?" म्हणत त्यांनी शर्टाची बटणं सोडलीसुद्धा. "काढ तुझं ते यंत्र."

तिने सरावासाठी घेतलेला स्टेथोस्कोप काढला आणि त्यांच्या छातीवर, मग पाठीवर टेकवला. आत धडधड होती, श्वास होता. बाबा डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर असं समाधान, की ते मोडायला मन होईना. "ठीक आहे सगळं," ती म्हणाली. मग दर रविवारी जेवणानंतर तोच शिरस्ता पडला.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी हृदयाच्या अभ्यासाचा शेवटचा तास होता. दुसऱ्या दिवशी परीक्षा. प्राध्यापकांनी सभागृहात छातीतले आवाज ऐकवायला सुरुवात केली. आधी निरोगी माणसाचा श्वास. मग म्हणाले, "आता हा ऐका. हृदय थकलं की फुफ्फुसांत पाणी साठतं. कानाशी केसांची बट बोटांत धरून चोळली तर जसं कुरकुरतं, तसं ऐकू येईल."

कुरकुर सभागृहभर घुमली. पुढच्या रांगांतल्या मुलांनी आपापली बट कानाशी धरून बघितली. कुणीतरी खुदकन हसलं.

हा आवाज व्हर्नेलने गेल्या तीन रविवारी ऐकला होता. वही तशीच उघडी टाकून ती उठली आणि थेट बाबांच्या घरी गेली.

बाबा आरामखुर्चीत पेंगत होते. हल्ली ते रात्रीही तिथेच झोपत; पलंगावर पाठ अवघडते म्हणायचे. बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. तिने वाकून मोज्यावरून बोट दाबलं. खळगा पडला, तो भरेना.

"आज तास नाही तुला?" त्यांनी डोळे उघडले.

"होता. उठून आले. बाबा, चला, इस्पितळात जायचंय. आत्ता."

"का? तूच ऐक की."

"मी डॉक्टर नाही."

"चार वर्षांनी होशील ते माहितेय मला. काय नवीन सांगतेस?"

"तसं नाही. मी त्या कोर्सला नाहीच आहे. वर्ग तोच, परीक्षा त्याच. पण मी वेगळ्या कोर्सला. तो केला की पुढच्या वर्षी अर्ज जरा बरा दिसतो. घेतीलच असंही नाही."

समोरच्या टीव्हीवर कुणीतरी मोटारगाडी जिंकून नाचत होतं. बाबांनी टीव्ही बंद केला.

"म्हणजे मार्क वाढवायची शिकवणी?"

"तसंच म्हणा."

"आणि कोट?"

"आम्हाला कोट नसतो."

ते बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिले. भट्टीने त्यांच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसून टाकल्या होत्या.

"एक सांग. रविवारी तू ते छातीला लावायचीस, तेव्हा तुला काही ऐकू यायचं?"

"यायचं."

"मग?"

"कशाचा आवाज ते कळायचं नाही. मी ठीक आहे म्हणायचे."

बाबांनी मान हलवली. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली, हॅट घेतली. दारापर्यंतच्या दहा पावलांत ते दोनदा थांबले. तिने त्यांना गाडीत बसवलं आणि नदीचा पूल ओलांडून इस्पितळ गाठलं.

चार दिवसांत त्यांच्या अंगातलं कित्येक लिटर पाणी उतरलं. जीव वाचला. हृदयाच्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "दोन महिने आधी आले असते, तर हृदयाचा आणखी बराच भाग वाचला असता." कुणामुळे उशीर झाला, ते त्यांनी विचारलं नाही. व्हर्नेलला वाटलं, विचारायला हवं होतं.

त्यांना दाखल केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, ती इस्पितळातूनच परीक्षेला गेली होती. पडद्यावर पहिलाच प्रश्न आला: सदुसष्ट वर्षांचा माणूस, पायांना सूज, आडवं झालं की धाप. खाली चार पर्याय. बरोबर कुठला ते तिला माहीत होतं. ती त्या प्रश्नाकडे नुसती बघत राहिली. वेळ संपला तेव्हा तिचे एकोणीस प्रश्न उरले होते.

जानेवारीत बाबा चर्चला जायला लागले. प्रार्थनेत ज्याने त्याने उठून मनातलं बोलायची वेळ आली तेव्हा समोरच्या बाकाला धरून ते उभे राहिले. "माझी मुलगी डॉक्टर होतेय, असं मी तुम्हाला सांगत आलो. ती तिथे शिकते, पण त्या वर्गाची नाही. तिने मला अर्धंच सांगितलं होतं, उरलेलं माझं मीच रचलं. बोल लावायचा तर मला लावा." ते धापा टाकत बसले. त्यानंतर कुणी व्हर्नेलपुढे गुडघा केला नाही. "अभ्यास कसा चाललाय?" असं विचारायचे, पण आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात.

तिने वर्ष पुरं केलं. ती एक परीक्षा सोडली तर सगळीकडे वरचे गुण होते. मुलाखत झाली, नाव प्रतीक्षा यादीत लागलं. जुलैत सगळ्या जागा भरल्याचा निरोप आला तेव्हा ती इस्पितळातल्या जुन्या कामावर परतून एका आजोबांच्या दंडावर पट्टा आवळत होती. तिने आधी रक्त काढलं, कापूस दाबून धरला, मग बाहेर जाऊन निरोप पुन्हा वाचला.

संध्याकाळी ह्रुस्काबाईंचा फोन आला. "थोडक्यात हुकलं गं. पुढच्या वर्षी परत अर्ज कर. फक्त डिसेंबरच्या परीक्षेबद्दल दोन ओळी लिही. वडील आजारी होते म्हणून. समिती समजून घेते."

"ते तेवढंच नाहीये."

"मग काय आहे?"

व्हर्नेलने सगळं सांगितलं. रविवारचंही.

"हे लिहिलंस तर तुझंच नुकसान होईल," ह्रुस्काबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी तुझ्या जागी असते तर नसतं लिहिलं."

"लिहीन तर सगळं लिहीन. नाहीतर एक ओळसुद्धा नाही."

ती बाबांकडे गेली तेव्हा ते स्टुलावर बसून शेगडीवरचं ढवळत होते. तिने उंबऱ्यातूनच सांगितलं, "नाही घेतलं."

बाबांनी ऐकलं. शेगडी बंद केली. "बस," म्हणाले आणि दोन ताटल्या काढल्या. कोबीच्या जातीच्या हिरव्या पानांची भाजी, बाजूला मक्याच्या पावाचा तुकडा. आई असताना या भाजीत खारवलेल्या डुकराचं हाड शिजायचं. आता डॉक्टरांनी मीठ पूर्ण तोडलं होतं.

तिने पहिला घास घेतला.

"कशी झालीय?" बाबांनी विचारलं.

"बेचव."

"हो ना?" त्यांना जणू बरंच वाटलं. "फडताळात मीठ आहे, पाहुण्यांसाठी ठेवलेलं. घे तू."

"नको."

त्यांनी आग्रह केला नाही. तिच्या ताटलीत आणखी एक डाव भाजी वाढली आणि आपल्याही. दोघं जेवत राहिले, ताटल्या रिकाम्या होईपर्यंत.